गाडीकडे पाठ करून बसणारे तवनाप्पा

तवनाप्पा मिस्त्रींनी दुरुस्त केलेली मोटार ताब्यात घ्यायची, तर मालकाला एक अवघड काम करावं लागे. ती मोटार तवनाप्पांच्याच अंगावर घालावी लागे.

मी थट्टा करत नाही. निपाणीत अकोळच्या वाटेवर त्यांचं पत्र्याचं शेड होतं आणि शेडसमोर रस्त्याला बऱ्यापैकी उतार होता. उताराच्या खालच्या अंगाला तवनाप्पा चुन्याची एक रेघ मारत. रेघेपलीकडे दोन हातांवर गोणपाट अंथरत, त्यावर मांडी घालून बसत, आणि बसत ते गाडीकडे पाठ करून. वर पुन्हा दोन्ही कानांत कापसाचे बोळे. मग हात उंच करून खूण करत. मालकानं उतारावरून भरधाव यायचं आणि रेघेवर गाडी उभी करायची. उभी राहिली, तर गाडी मालकाची. नाही राहिली तर काय, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

मी बेळगावचा. डॉक्टरकीची पाटी निपाणीत लावून वर्षभर झालं, तेव्हा बेळगावच्या कँपातून विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची जुनी बेबी मोटार मी घेतली. मोटार गोजिरवाणी होती, पण चढ दिसला की तिला धाप लागे. मी ती तवनाप्पांकडे नेली. चार दिवसांनी गेलो, तर हे गृहस्थ मला पाठ दाखवून रस्त्यात बसलेले. अंगात बाराबंदी, डोक्याला टापशी, मानेवर तेलाचा एक डाग. मी माणसं वाचवायचं शिक्षण घेतलेला माणूस. मी रेघेच्या वीस हात आधीच गाडी थांबवली.

तवनाप्पांनी मागे वळून अंतर पाहिलं आणि कापूस काढला.

"डाक्टर, तुम्ही भ्यालासा. ब्रेक कुठं कळला? परत या."

दुसऱ्या खेपेला दहा हात आधी. तिसऱ्या खेपेला मी डोळे जवळजवळ मिटले आणि पाय दाबला. गाडीचं नाक रेघेवर येऊन थांबलं. तवनाप्पांनी न वळताच हात मागे करून नाकाला लावला, जनावराच्या कपाळावरून फिरवावा तसा फिरवला आणि कानडीत म्हणाले, "साकु, साकु." म्हणजे पुरे. माणसांशी ते मराठीत बोलत, मोटारींशी कानडीत.

मी घाम पुसत म्हटलं, "अहो, पण हॉर्न आहे की गाडीला. रस्त्यात कुणी आलं तर वाजवता येतो."

"सगळ्यास्नी कान असत्यात व्हय?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुठल्याही मालकानं हॉर्नची बढाई मारली की ते हेच विचारत. लोक हसत. आम्हाला वाटे, बेफिकीर माणसाला मारलेला टोमणा आहे. मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो आणि इतरांना नक्कल करून दाखवत होतो. आज त्या नकलेची लाज वाटते.

तवनाप्पा जैन होते आणि त्यांचा धर्म इंजिनापर्यंत पोचलेला होता. दिवस मावळायच्या आत जेवण, त्यामुळे दिवस मावळायच्या आत शेड बंद. कंदिलावर किडे येऊन मरतात, म्हणून कंदील लावून काम नाही. कलेक्टरची गाडी आली तरी नाही. पेट्रोल गाळून घ्यायला सगळीकडचे मिस्त्री सांबराचं कातडं वापरत. हे दुहेरी फडकं वापरत. रेडिएटरमध्ये घालायचं पाणीसुद्धा गाळून, कारण "इंजनाच्या पोटात जीव शिजत्यात." त्यांनी मलाही एक स्वच्छ फडकं देऊन ठेवलं होतं. वाटेत पाणी भरलं तर गाळायचं, आणि फडक्यात जे राहील ते ज्या पाण्यातून आलं त्याच पाण्यात परत सोडायचं. मी ते करत असे. वेदगंगेच्या काठी वाकून फडकं खळबळताना मला पाहून एका म्हातारीनं नमस्कार केला आणि विचारलं, "कुनाचं पिंड सोडलासा डाक्टर?"

पण मी चकित झालो तो क्लचच्या वेळी. जुन्या गाड्यांच्या क्लचला चामड्याचा पट्टा असे. तो झिजला की नवं चामडं बसवायचं, एवढी साधी गोष्ट. तवनाप्पा चामड्याला हात लावेनात. "मग गाडी कशी चालायची?" असं विचारलं तर म्हणाले, "बघू की ओ," आणि सर्व्हिस मोटारीनं बेळगावला जाऊन थेट वडगावात एका विणकराच्या दारात उभे राहिले. त्या विणकराच्या घरी पिढ्यान् पिढ्या लुगडी विणली जात. त्याला यांनी दोन बोटं रुंदीचा जाड सुती पट्टा विणायला सांगितला. विणकर म्हणाला, "मिस्त्री, हे नेसायचं कुनी?" तवनाप्पा म्हणाले, "मोटारीनं."

तो पट्टा त्यांनी एरंडेलात तीन दिवस भिजवला, दोन दिवस सुकवला आणि बसवला. चामड्यावर गाडी उचलताना जो हिसका बसे तो गेला. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. पुढे लांबलांबचे मिस्त्री तो पट्टा बघायला येत. मी काही यंत्रातला जाणकार नव्हे, पण माणसाच्या शरीराचं यंत्र मला थोडंफार ठाऊक आहे, आणि स्वतःचा नेम पाळण्यासाठी जगानं मान्य केलेला अवयव बदलून टाकणारा शल्यवैद्य मी दुसरा पाहिला नाही.

त्यांची तपासणीची तऱ्हाही वेगळी. त्यांच्याजवळ वीतभर लांबीची शिसवी काठी होती. इंजिन चालू करून तिचं एक टोक ते लोखंडावर टेकवत, दुसरं दातांत धरत आणि डोळे मिटत. मग सांगत, "तिसऱ्या पिस्टनचं बेरिंग बोलतंय." उघडून पाहावं तर तिसऱ्याचंच. आम्ही छातीला नळी लावतो, हे दातांनी ऐकत. काठीच्या दोन्ही टोकांना दातांच्या खोल खुणा होत्या. माझ्या डॉक्टरी डोळ्यांना ते फार खुपलं. मी म्हटलं, "तवनाप्पा, एक टोक इंजिनाला आणि एक तोंडाला ठेवा हो. ग्रीस पोटात जाईल." ते नुसते हसले.

एवढ्या गोष्टी लोक कौतुकानं सोसत. एका गोष्टीबद्दल मात्र सगळे कुरकुरत. गाडी दुरुस्त झाली तरी तवनाप्पा ती लगेच देत नसत. एक दिवस ती त्यांच्या घरी राही. "मुक्काम लागंल," ते म्हणत. कशाला, असं विचारलं तर, "घरची हवा लागाय पाहिजे इंजनाला." घर गावाबाहेर मळ्यात होतं, भोवती उंच कुंपण, आणि तिथे त्यांनी कुणाला कधी बोलावलं नाही. गावात नाना तर्क चालत. कुणी म्हणे गाडीची पूजा करतो, कुणी म्हणे बायकोला फिरवून आणतो. तंबाखूचे व्यापारी भूपालशेठ यांना तर खात्री होती, की आपल्या गाडीतून जोंधळ्याची पोती वाहिली जातात.

हे भूपालशेठ म्हणजे वेगाचं वेड घेतलेला माणूस. त्यांच्याकडे लांबलचक अमेरिकन गाडी होती. तंबाखूच्या वखारीत गोण्यांवर बसून ते, मी आणि आणखी दोन मोटारवाले तासन् तास गप्पा मारत असू. वरचं कापडी हूड काढलं तर वारा किती कमी अडतो, मागची बैठक काढली तर चढाला काय फरक पडतो, सायलेन्सर काढल्यानं खरंच जोर वाढतो की नुसता आवाज. बायकांनी दागिन्यांवर बोलावं तितक्या बारकाईनं आम्ही कार्बोरेटरवर बोलत असू. अशाच एका बैठकीला बेळगावच्या एका कंत्राटदारांचे चिरंजीव आले. मुंबईच्या शर्यती पाहून आलेले, हातात कातडी मोजे. बोलता बोलता पैज ठरली. रविवारी सकाळी तवंदीच्या घाटाच्या पायथ्यापासून निघायचं, वर देवळाच्या वळणाला वळसा घालायचा आणि पुन्हा खाली यायचं.

भूपालशेठ त्याच दिवशी तवनाप्पांकडे गेले. मला वाटलं, हा अहिंसक माणूस शर्यतीला नाक मुरडेल. छे. त्यांचे डोळे लकाकले. आठ दिवस ते त्या गाडीत बुडून गेले. मागची बैठक गेली, फूटबोर्ड गेले, हूड गेलं. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, घासून पातळ केलं. धूर आणि हवा जायच्या वाटा त्यांनी शेणीच्या राखेनं घासून आरशासारख्या केल्या. शेवटी दातांत काठी धरली आणि म्हणाले, "आता ही घाटाला विचारणार न्हाय." मग अट घातली. शर्यतीच्या आधी घाटाखाली, सगळ्यांदेखत, रेघ मारून तपासणी व्हायची.

"अहो, इथं झाली की तपासणी," भूपालशेठ म्हणाले.

"इथं रस्ता मोकळा असतोय. तितं देवळाला माणसं चालत्यात. रस्ता काय शर्यतवाल्यांच्या एकट्याचा न्हाय."

भूपालशेठ कबूल झाले. शनिवारी मुक्काम संपवून गाडी त्यांच्या वखारीत गेली.

रविवारी घाटाखाली जत्रा लोटली. मी पट्ट्या आणि टिंक्चर घेऊन हजर होतो, कारण काही झालं तर डॉक्टर पाहिजे असं ठरलेलं. खरोखरच देवळाकडे निघालेली माणसं कडेकडेनं चालली होती, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया, काठी टेकत जाणारे म्हातारे. घाट जिथे सपाटीला लागतो तिथल्या शेवटच्या उतारावर तवनाप्पांनी रेघ मारली. गोणपाट अंथरलं. कानांत बोळे घातले. पाठ फिरवली आणि हात वर केला.

मी वर, गाडीपाशी उभा होतो. इंजिन सुरू होतं. सायलेन्सर काढलेला, त्यामुळे आवाज असा, की छातीत धडधड जाणवत होती. भूपालशेठ स्टिअरिंगचं चक्र धरून बसलेले. खाली सगळा जमाव वर बघतोय, आणि मध्ये ती एकच पाठ. गाडी काही हलेना.

"चला शेठजी," मी म्हटलं.

ते खाली वाकून माझ्या कानाशी आले. चेहरा घामानं निथळत होता. "डाक्टर, काल दुपारी मी दुसऱ्या मिस्त्रीकडनं पुढचे ब्रेक ढिले करून घेतल्यात. पट्टे चाकाला घासत हुते, वेग खात हुते. तवनाप्पाला सांगितलं न्हाय."

मी विचारलं, "मग रेघेवर थांबेल का?"

"कुनाला ठावं?"

"हॉर्न द्या. त्यांना उठवा."

म्हटलं, आणि त्याच क्षणी मला कापूस आठवला. त्यांनाही आठवला असावा. आम्ही दोघं खाली त्या पाठीकडे बघत राहिलो. माणसाची पाठ इतकी उघडी असू शकते हे मला तोवर जाणवलं नव्हतं. कंत्राटदारांचे चिरंजीव मोजे ओढत हसत होते. जमावातून कुणी शीळ घातली. शेठजींच्या इभ्रतीचा प्रश्न होता. निपाणीपासून बेळगावपर्यंत या शर्यतीची चर्चा झालेली. वाटलं, हळूच सोडतील गाडी, हँडब्रेक ओढत नेतील, काहीतरी करतील.

मग त्यांनी इंजिन बंद केलं.

एकदम इतकं शांत झालं, की दूर देवळातली घंटा ऐकू आली. भूपालशेठ खाली उतरले. रेशमी पटका सावरत, सगळ्या गावाच्या देखत, ते उतार चालत गेले आणि तवनाप्पांच्या पाठीवर हात ठेवला. मी मागोमाग पोचलो.

"उठा तवनाप्पा. गाडी न्हाय पळत आज."

तवनाप्पांनी बोळे काढले. "काय म्हनलासा?"

शेठजींना ते पुन्हा सांगावं लागलं, मोठ्यानं, कारणासकट. लोकांनी ऐकलं. तवनाप्पा रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी गोणपाट झटकलं, घडी केली आणि म्हणाले, "बरं केलासा."

कंत्राटदारांचे चिरंजीव एकटेच घाट चढले, एकटेच उतरले आणि हार घालून घेतला. आम्ही परत निघालो ते असे: भूपालशेठ पहिल्या गिअरात, आणि गाडीपुढे रस्त्याच्या मधोमध, हात वर करून वाट मोकळी करत, निपाणीपर्यंत चालत तवनाप्पा. मी त्यांच्या मागून माझी बेबी हाकत होतो. पराभवाची इतकी मानाची मिरवणूक मी दुसरी पाहिली नाही.

दोन दिवसांनी माझी गाडी त्यांच्याकडे गेली आणि नेहमीप्रमाणे मुक्कामाला अडकली. दुपारी यमगर्णीच्या पाटलांकडून निरोप आला, मोडलेल्या पायाची पट्टी बदलायची आहे. उद्या गेलं तरी चाललं असतं. पण मला आयतं निमित्त मिळालं. मी सायकल काढली आणि पहिल्यांदाच तवनाप्पांच्या मळ्यात गेलो.

कुंपणाच्या आतून माझ्याच इंजिनाचा आवाज येत होता. हाक मारली, कुणी ओ दिली नाही. मी कुंपणाच्या दाराचा झाप सारून आत शिरलो.

परसात आंब्याखाली माझी बेबी उभी होती, बॉनेट उघडं. तिच्या इंजिनाला लागून उंच स्टुलावर एक पन्नाशीच्या बाई बसल्या होत्या. हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. ती शिसवी काठी त्यांच्या दातांत होती, दुसरं टोक इंजिनावर. डोळे मिटलेले. तवनाप्पा हातानं तार ओढून इंजिनाचा वेग हळूहळू वाढवत होते, कमी करत होते, पुन्हा वाढवत होते, आणि बाईंच्या चेहऱ्यावर, लहान मुलाला झोक्यात बसवल्यावर येतं, तसं हसू येत होतं.

मी डॉक्टर आहे. मला एका क्षणात सगळं कळलं, आणि इतकी वर्षं कळलं नव्हतं याची शरम वाटली. कानाचे पडदे गेले तरी आतली नस जिवंत असली, तर आवाज हाडावाटे पोचतो. दातांवाटे पोचतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं.

तवनाप्पांनी मला पाहिलं. दचकले नाहीत. इंजिन मंद केलं.

"ही चंपाक्का. माझी मालकीण," ते म्हणाले. "न्हानपनी ताप आला, तवापास्नं कान गेलेत. पाखरू न्हाय, देवळातली घंटा न्हाय, मानसाचं बोलनं न्हाय. एक डाव काठी तिच्या हातात हुती, इंजनाला लागली, आनि तोंडात धरली. रडली की ओ. मग मी ठरवलं, येईल ती गाडी तिला ऐकवायची. सगळ्या गाड्यांचा आवाज येगळा असतोय. तुमची बेबी तिला लई आवडतीय. बेरिंग कुठलं बोलतंय ते वळखायला बी तिनंच शिकवलं. मी दुकानात तिचंच बघून काठी धरतो."

मी विचारलं, "आणि रस्त्यावर पाठ करून बसता ते?"

"ती रोज चालत देवळाला जाती तवंदीला. मागनं मोटार आली तर तिला कळनार कसं? हॉर्न देऊन काय उपेग?" मग म्हणाले, "सगळ्यास्नी कान नसत्यात, डाक्टर."

रविवारचं मी विचारलं. ब्रेक ढिले केलेत हे त्यांना माहीत होतं का?

"गाडी आली तवाच बघितलं. बोल्टावर माझ्या पान्याची खून नव्हती."

"आणि तरी बसलात?"

"शेठजी गाडी जोरात हानत्यात, मानूस वाईट न्हाय. त्यांचं त्यांनीच थांबाय पाहिजे हुतं. मी सांगून थांबले असते तर फुडच्या रविवारी परत ढिले केले असते."

"आणि ते थांबले नसते तर? चंपाक्कांचं काय झालं असतं?"

यावर त्यांनी चंपाक्कांकडे बघितलं. तवनाप्पांच्या चेहऱ्यावर भीती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. रविवारी त्या गोणपाटावर ही भीती होतीच. फक्त पाठीमागून आम्हाला दिसली नव्हती.

चंपाक्का आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होत्या. काय चाललंय म्हणून त्यांनी नवऱ्याचा हात हलवला. तवनाप्पांनी इंजिन बंद केलं. काठीचं एक टोक चंपाक्कांनी दातांत धरलं, दुसरं तवनाप्पांनी. दोन्ही टोकांना खुणा का होत्या ते तेव्हा मला दिसलं. कपाळाला कपाळ लागेल इतक्या जवळ बसून, काठी दातांत तशीच धरून, तवनाप्पांनी काहीतरी म्हटलं. बाई लाजून हसल्या आणि लगबगीनं आत गेल्या.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"डाक्टर आल्यात, च्या ठेव."

चहा झाला. गाडी मात्र मी नेली नाही. मुक्काम अर्धा राहिला होता. पाटलांकडे मी सायकलनंच गेलो आणि परत येताना वखारीत डोकावून भूपालशेठना सगळं सांगितलं. दुसऱ्या कुणालाही सांगितलं नाही. शेठजी म्हणाले, "माझ्या गाडीचा आवाज मोठा हाय, न्हाय का ओ?"

त्यानंतर निपाणीतल्या दोन मोटारी फार नादुरुस्त राहू लागल्या. महिन्याला एकदा माझ्या बेबीत काहीतरी खडखडे, आणि शेठजींच्या अमेरिकन गाडीला तर दर पंधरा दिवसांनी काही ना काही होई. एकदा मी गाडी नेली तेव्हा तवनाप्पांनी ती पाऊण तास तपासली. नट पाहिले, तारा पाहिल्या, काठी दातांत धरली. शेवटी फडक्याला हात पुसत माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी आकाशाकडे पाहत होतो.

"बिघाड काय न्हाय," ते म्हणाले. "पन मुक्काम लागंल."

"लागू दे की," मी म्हटलं, आणि चालत घरी आलो.